काचवाल्यांच्या घरावरचा बोजा

४ जानेवारी

नोकरीत होतो तेव्हा रोज लिहायचो, पण ते अहवाल. ‘समक्ष गेलो. दार बंद आढळले. शेजाऱ्यांनी माहिती देण्यास नकार दिला. परत आलो.’ कोर्टाचा बेलिफ म्हणून उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या दारात गेली, समन्स आणि जप्तीचे कागद पोचवण्यात. एकाही दारात कोणी मला बस म्हटलं नाही. का म्हणावं? मी काही गोड बातमी घेऊन जात नव्हतो. निवृत्त झाल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, काही लिहिलं नाही तर तुम्हाला करमत नाही. सारखी टेबलावर बोटं वाजवता, माझं डोकं उठतं. वही आणा आणि आता जरा खऱ्या गोष्टी लिहा." म्हणून ही वही.

आजची खरी गोष्ट अशी की मी एक हुकूमनामा विकत घेतला.

एका घाऊक काचव्यापाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकावर उधारीचा दावा लावला आणि जिंकला. जिंकला म्हणजे काय, तर ‘याने त्याला इतके द्यावेत’ असा कागद मिळाला. लोकांना वाटतं निकाल लागला की पैसे येतात. निकाल लागल्यावर फक्त बेलिफ येतो, आणि तो रिकाम्या हाताने परत जातो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? जिंकलेली माणसं हेलपाटे घालून दमतात आणि असा कागद पडत्या भावात विकायला तयार होतात. मग वसुलीचा हक्क घेणाऱ्याचा. या व्यापाऱ्याने निम्म्याहून कमी किमतीत दिला. वर म्हणाला, "तो काचवाला बुडवणारा नाही हो. त्याच्याकडे नाहीच."

"घर आहे ना?"

"घर आहे. स्वतःचं. तळमजला, पुढे दुकान."

"मग झालं तर," मी म्हणालो.

निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा यात गेला. पण उगाच नाही. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती घरात आली तेव्हा मी शाळेत होतो आणि माझे सदरे तिनेच उसवून मोठे केले. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, आणि वहिनीचे गुडघे आता जिना उतरत नाहीत. वर्षभर ती खिडकीशी बसून रस्त्यावर देखरेख ठेवून आहे. तळमजल्यावर जागा मिळते, पण अनामत अशी मागतात की डोळे पांढरे व्हावेत. हा हुकूमनामा वसूल झाला की ती अनामत भरून मी वहिनीला खाली नेणार.

तिला अजून नीटसं सांगितलेलं नाही. आधी पैसे हातात येऊ देत.

१२ जानेवारी

आज नोंदणी कार्यालयात जाऊन काचवाल्यांच्या घरावर बोजा चढवला. संध्याकाळी वहिनीला समजावून सांगितलं.

"म्हणजे नक्की काय केलंत?"

"त्याच्या घराच्या कागदावर माझं नाव लागलं. तो घर विकायला किंवा गहाण टाकायला गेला, तर आधी माझे पैसे चुकते केल्याशिवाय त्याला पुढे जाता येणार नाही."

"आणि तोवर?"

"तोवर आपण बसून राहायचं."

"यात नवीन काय? मी बसलेलीच आहे."

लिलाव करायला लावता येतो, हे तिला सांगितलं नाही. राहत्या घरातून माणसं बाहेर काढण्याचं काम नोकरीत पुरेसं केलं. बोजा बरा. तो कोणाला हात धरून उठवत नाही.

२० जानेवारी

तारण एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून काचवाल्यांकडे गेलो. सवयीने दाराच्या अंगाला उभा राहिलो, समोर नाही. (समोर उभं राहिलं की काय काय अंगावर येतं, ते बेलिफलाच विचारावं.) दार वाजवायला हात उचलला तर दार उघडंच.

आत एक उंच, वाकलेला म्हातारा आरशाच्या कडा घासत होता. मी नाव सांगितलं, कोर्टात बेलिफ होतो हेही सांगितलं. मनात म्हटलं, आता शिव्या. तर त्याने हात पुसले, खुर्ची झटकली आणि म्हणाला, "या या, भागीदार! नोटीस आली तेव्हापासून वाट बघतोय. बसा."

मी बसलो. पाय आपोआप वाकले, दुसरं काय.

"भागीदार नाही," मी म्हणालो. "मी बोजाधारक."

"तेच ते. घराच्या कागदावर माझ्या नावाखाली तुमचं नाव. मग भागीदार नाही तर कोण?"

मी कायदा सांगितला. बोजा म्हणजे मालकी नव्हे, हिस्सा नव्हे, फक्त पैशांचा हक्क. त्याने लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली, आणि मग सगळं घर फिरवून दाखवलं, ‘आपलं’ घर म्हणून. एका मोठ्या दुकानाने आरशांची मागणी नोंदवली, माल तयार झाल्यावर ते दुकानच बुडालं, आणि काचेची उधारी याच्या डोक्यावर बसली. कोर्टात का गेला नाहीत म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पैसे द्यायचेत हे मला मान्यच आहे. मग भांडायला कशाला जायचं? तुमच्या कोर्टाचा एक माणूस आला होता. त्याला बसा म्हटलं, तर कागद टाकून पळाला."

तो आमचा नवा मुलगा असणार. आम्हीच शिकवतो, कागद द्यायचा आणि निघायचं.

निघताना त्याने माझा घरचा फोन नंबर भिंतीवर खडूने लिहून घेतला. पत्नी वारली, मुलगी दूर असते, असं सांगत होता. माणूस वाईट नाही. कायद्याच्या बाबतीत मात्र ठोकळा.

२ फेब्रुवारी

मी बाहेर असताना काचवाल्यांचा फोन आला होता, वहिनी म्हणाली. काय म्हणत होते? "काही नाही, परसातल्या लिंबाला फळ आलंय, तुमचा वाटा घेऊन जा म्हणाले." आणि एवढ्याशा निरोपाला किती वेळ लागला असेल? दूध उतू जाऊन शेगडी माखली होती.

वाटा! गेलो आणि पुन्हा कायदा सांगितला. त्याने पुन्हा मान डोलावली. लिंबांची पिशवी घेऊन परत आलो. फेकून थोडीच देणार?

वहिनीने बसवून विचारलं, घर कसं आहे, उजेड कुठून येतो, दारात पायऱ्या किती. बिचारीला घराबाहेरचं काही दिसत नाही, म्हणून मीही बारीकसारीक सांगितलं. माझं वर्णन चांगलं असतं. अहवाल लिहून लिहून सवय झाली आहे.

१८ फेब्रुवारी

काचवाल्यांच्या पागोळीची पन्हळ सुटून मागची भिंत ओली झालेली पाहिली. तारणाची भिंत खचली तर नुकसान कोणाचं? माझं. म्हणून शिडी लावून वर चढलो. काचवाले खालून शिडी धरून सूचना देत होते. त्यांना काच सोडून कशातलं काही कळत नाही, पण बोलायची हौस दांडगी. पन्हळ बसली. मग त्यांनी दोन कप चहा केला, त्यात साखर नेमकी माझ्या बेताची. कसं कळलं कोण जाणे.

वहिनी म्हणाली, "दुसऱ्याच्या छपरावर चढायचं हे वय आहे का?" मी म्हटलं, दुसऱ्याच्या कसं, त्यावर माझा बोजा आहे. ती हसली.

६ मार्च

वहिनीला हल्ली तिच्या बहिणीचा रोज फोन येतो. बरंच आहे, तिला तेवढीच सोबत. मी आलो की "बरं, ठेवते हं" म्हणून ठेवते. बहिणीला ऐकू अगदीच कमी येतं असं मला आठवत होतं, पण वहिनी तर फोनवर हळू बोलते. यंत्र बसवलं असेल कानाला.

तब्येतही सुधारलेली दिसते. गेल्या आठवड्यापासून खुर्चीचा आधार घेऊन उठबस करते. डॉक्टरने सांगून सांगून केली नव्हती. कोणासाठी का होईना, करते आहे ना!

१५ मार्च

भागीदारांनी आज परवानगी मागितली. पुढच्या दाराची पायरी काढून तिथे उतार करावा का?

"तुमचं घर आहे, करा," मी म्हणालो.

"आपलं," ते म्हणाले.

काचेच्या हातगाडीसाठी करत असतील. पण मग उताराला कठडा कशाला? आणि मागच्या बाजूच्या न्हाणीघरात त्यांनी भिंतीला आडवा दांडा ठोकलाय. टॉवेल अडकवायला इतका जाड दांडा! वर म्हणतात, "भार टाकून बघा, हलतो का?" टॉवेलचा असा काय भार असतो? टाकून बघितला. हलला नाही.

२ एप्रिल

आज माझं डोकं फिरलं, आणि आता लिहिताना चुटपुट लागून राहिली आहे.

काचवाल्यांनी मला मागच्या खोल्यांकडे नेलं. दोन्ही रिकाम्या, नुकत्या रंगवलेल्या, खिडकीला नवी काच. "या तुमच्या," म्हणाले. "मी हिशेब केला. घराची किंमत, तुमचे पैसे. इतका भाग तुमच्याकडे येतो. उगाच माझ्याकडे ठेवून मला झोप लागत नाही. कधी येता राहायला?"

इतके महिने मी घसा कोरडा करून कायदा सांगितला त्याचं हे फळ! मी ओरडलो. "अहो, मला खोल्या नकोत, पैसे हवेत! माझी वहिनी तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली आहे. तिला खाली आणायला अनामत भरायची आहे, म्हणून हा कागद घेतला. तुमच्या खोल्यांचं मी काय करू?"

खरं तर हे बोलायला नको होतं. ते भिंतीवरचा रंगाचा एक डाग नखाने काढत उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्यांना इथे यायचं नाही?"

"प्रश्नच कुठे येतो?" मी म्हणालो आणि निघालो. त्यांनी चहा टाकला होता, तो तसाच राहिला.

घरी आल्यावर वहिनीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बरं खडसावलंत. तिने विचारलं, "त्यांना तोंडावर म्हणालात, प्रश्नच कुठे येतो?" आणि उठून, भिंत धरत धरत, आतल्या खोलीत गेली. आता मी तिच्यासाठीच एवढा जीव आटवतोय, तर रागवायचं माझ्यावर?

११ एप्रिल

बहिणीचा फोन बंद आहे. भांडण झालं असावं. वहिनी उठबसही करत नाही. मीच भाजी चिरतो आणि ती एरवी माझ्या फोडींना नावं ठेवते, तेही ठेवत नाही. घर कसं खायला उठतं.

२४ एप्रिल

जिंकलो! काचवाले घर विकताहेत.

स्वतः दारात येऊन सांगून गेले, जिन्याने तीन मजले चढून. धाप लागली होती, पण आत येईनात. गिऱ्हाईक मिळालंय, आधी तुमचे सगळे पैसे, उरलेल्यात मी मुलीकडे जाईन, म्हणाले. "तुमच्या वहिनींना आता लवकर खाली नेता येईल." मी "आत तरी या," म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत एकदा बघितलं. वहिनी खिडकीशी पाठमोरी बसली होती. ती वळली नाही. ते उतरून गेले.

वसुलीच्या कामातला इतका जुना माणूस मी, आनंदाने उडी मारायला हवी. वसुली पूर्ण, व्याजासकट. दलालाने परवा बोलावलंय. मी भाड्याच्या जागा दाखवणाऱ्या पेढीवर जाऊन तळमजल्याच्या जागेची चौकशीही करून आलो. एक खोली आहे, अंधारी, समोर भिंत. चालेल.

रात्री जेवताना वहिनीला विचारलं, "बोलत का नाहीस?"

"काय बोलू? कोणाला तरी घराबाहेर काढून मला खाली नेताय. नोकरीत असताना निदान कोर्टाचा हुकूम होता, म्हणून करत होतात."

"मी कुठे काढतोय? तो आपण होऊन विकतोय."

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही फार चांगले आहात. पण इतकं कसं हो तुम्हाला कळत नाही?"

काय कळत नाही ते मात्र तिने सांगितलं नाही. मला रडू आलं, हे इथे लिहून ठेवतो. तिच्यासमोर नाही आलं. ताट घासताना आलं.

२६ एप्रिल

सकाळी काचवाल्यांकडे गेलो. दलाल होता, घर घेणारा होता, त्याचा मोजमाप घेणारा माणूस होता. मोजणारा म्हणाला, पुढचं दुकान पाडायचं, लिंबाचं झाड काढायचं, मागच्या दोन खोल्यांचं गोदाम करायचं. उताराकडे बघून विचारलं, हे काय आहे? काचवाले म्हणाले, "ते होतं कोणासाठी तरी."

मी मागे जाऊन आलो. खोल्यांतला रंग आता वाळला होता. खिडकीत कोणीतरी एक आरसा तिरका बसवला होता, असा, की खुर्चीत बसलं तर सगळा रस्ता आत दिसावा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रस्ता बघत बसणारं आमच्या ओळखीत एकच माणूस. तिला रस्ता बघायला आवडतं हे मी यांना कधी सांगितलं? सांगितलं असणार. मी त्या आरशासमोर बराच वेळ उभा राहिलो आणि माझ्या एकदम लक्षात आलं की मला ही वसुली नको आहे. अजिबात नको आहे.

बाहेर दलालाने कागद पुढे सरकवला. काचवाले पेन हातात घेऊन थांबले. "आधी भागीदारांची संमती लागेल," म्हणाले. "त्यांची ना असेल तर मी विकणार नाही."

दलाल हसला. "अहो आजोबा, बोजावाल्याची कसली संमती? त्याचे पैसे टाकले की त्याचा संबंध संपला. विचारा त्यांनाच, ते तर कोर्टातले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दलालाचा शब्द न् शब्द बरोबर होता. हेच मी काचवाल्यांना जानेवारीपासून शिकवत आलो होतो.

"माझी संमती नाही," मी म्हणालो.

"पण कायद्याने तुमची संमती…"

"कायदा मला शिकवू नका. जन्म गेला त्यात. भागीदाराची संमती नाही म्हणजे नाही."

काचवाल्यांनी पेनचं टोपण लावलं. "मग राहिलं," म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले. दलाल मला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. नोकरीत यापेक्षा बरंच ऐकलंय.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. वाटलं विचारेल, मग आपल्या पैशांचं काय? तिने डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "माझी चप्पल कुठे ठेवलीत? वर्षभर बघितली नाही मी."

९ मे

आज सगळं कायदेशीर केलं. अंधारात मी काही ठेवत नाही. मागच्या दोन खोल्या वहिनीच्या आणि माझ्या हयातीपर्यंत राहायला, भाडं नाही, त्या बदल्यात हुकूमनाम्याची पूर्ण फेड. दोघांच्या सह्या. कोर्टातला कारकून माझ्या जुन्या ओळखीचा. अर्ज वाचून त्याने चष्मा वर केला.

"वसुली पूर्ण?"

"पूर्ण."

"रोख किती आले?"

"रोख काही नाही. लिंबं आली."

"फसलास रे," तो म्हणाला आणि शिक्का मारला. तिथून नोंदणी कार्यालयात जाऊन बोजा उतरवला. घराच्या कागदावरून माझं नाव गेलं. काचवाल्यांना तेवढंच वाईट वाटलं. "म्हणजे आता भागीदार नाही?" मी म्हटलं, आता भाडेकरूसुद्धा नाही, कायद्यात याला काय म्हणतात ते वकिलाला विचारून सांगतो. ते म्हणाले, राहू दे, मी भागीदारच म्हणतो.

१७ मे

वहिनीला खाली आणलं. खुर्चीत बसवून, मी पुढून आणि खालच्या मजल्यावरचा सुतार मागून. प्रत्येक वळणावर ती आम्हा दोघांच्या नावाने ओरडत होती, आणि रस्त्यावर पोचल्यावर मात्र लहान मुलीसारखी इकडेतिकडे बघायला लागली. समोरच्या दुकानाचा रंग बदलला, म्हणाली. वरून तो तिने रोज बघितला होता.

काचवाल्यांचं दार उघडं होतं. उतारावरून ती कठडा धरून स्वतःच्या पायांनी चढली. कोणालाही हात लावू दिला नाही. काचवाले इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. ती म्हणाली, "उतार थोडा उभा झालाय." ते म्हणाले, "तुम्हीच म्हणालात तेवढाच केलाय." मी सामान आणत होतो, नीटसं ऐकू आलं नाही.

वहिनीने या घरात पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. तरी स्वयंपाकघरात शिरताच कपाटाआड हात घालून दिव्याचं बटण दाबलं. मला स्वतःला ते सापडायला महिना लागला होता. मग न विचारता तिसऱ्या फळीवरून चहाचा डबा काढला. मी इतकं बारीक वर्णन करत असेन याची मला कल्पना नव्हती. काचवाल्यांना मी ते अभिमानाने सांगितलंही. ते म्हणाले, "हो ना, तुमच्याशिवाय झालंच नसतं."

चहा पिताना मला आठवलं. "वहिनी, तुझ्या बहिणीला इथला नंबर कळवायला हवा. रोज फोन करते बिचारी."

त्यावर ती आणि काचवाले एकमेकांकडे बघून जे हसायला लागले, ते थांबेचनात. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकं हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला अजून उमगलेलं नाही. पण तिला असं हसताना भाऊ गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही हसलो. नंबर उद्या मीच कळवून टाकीन.